आधी झाड, मग पक्षी: पंतानालच्या निळ्या मकावचे फोटो कसे काढावेत

सकाळचे साडेसहा वाजलेत. ब्राझीलमधल्या पंतानाल या पाणथळ प्रदेशात, गुरांच्या वाड्याच्या लाकडी कुंपणावर एक निळा मकाव, म्हणजे मोठ्या जातीचा पोपट, बसलाय. त्याच्या पायात अकुरी या पामाचं फळ आहे, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं आणि करवंटीसारख्या टणक कवचाचं. त्याला कसलीच घाई नाही. फळ चोचीत धरून तो काळ्या जिभेने ते फिरवत राहतो. जिभेच्या कडेची पिवळी रेघ मधूनच दिसते. नेमकी जागा सापडली की खालच्या चोचीची धार कवचावर घासू लागतो, करवत चालवावी तशी. मग ‘टक्’ असा आवाज येतो आणि कवचाचे दोन तुकडे खाली पडतात. तो उडून गेल्यावर मी त्यातला एक उचलून पाहिला. कडा इतकी सपाट होती की सुताराने कापून दिल्यासारखी वाटावी.

त्या सकाळी मी सहाशेच्या वर फ्रेम काढल्या. पण त्या प्रवासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा फोटो वेगळाच आहे. त्यात पक्षी जेमतेम दिसतो. जवळजवळ सगळी फ्रेम एका जुन्या मांदुवीच्या झाडाने व्यापली आहे आणि खोडातल्या ढोलीतून फक्त एक निळं डोकं बाहेर आलंय. तिथपर्यंत कसं पोचायचं, ते या लेखात सांगतो. नुसता पक्षी हवा असेल तर चांगली लेन्स आणि दोन दिवस पुरतात. पक्षी आणि त्याचं रान एकत्र दाखवायचं तर तयारी घरापासून करावी लागते.

पक्षी कोण आणि झाड कोणतं

हायसिंथ मकाव, ब्राझीलमध्ये ‘अरारा अझूल’, हा उडणाऱ्या पोपटांमध्ये लांबीने सगळ्यात मोठा. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर, वजन सव्वा ते पावणेदोन किलो. अंगभर गडद निळा रंग, डोळ्याभोवती पिवळी कडी आणि खालच्या चोचीच्या बुडाशी पिवळी चंद्रकोर. १९८० च्या दशकात पाळण्यासाठी हजारो पक्षी रानातून पकडले गेले. १९८७ साली हा पक्षी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आला आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. त्या सुमारास पंतानालमध्ये अंदाजे १,५०० पक्षी उरले होते. १९९० मध्ये नेइवा गेदेस या जीवशास्त्रज्ञ बाईंनी तिथे काम सुरू केलं: घरटी शोधणं, ढोल्या दुरुस्त करणं, लाकडी पेट्यांची घरटी बसवणं, फझेंडावाल्यांना म्हणजे गुरांच्या मोठ्या वाड्यांच्या मालकांना समजावणं. पंतानालमधली संख्या पुढे ५,००० च्या आसपास गेली. २०१४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत हा पक्षी ‘संकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी खाली, ‘असुरक्षित’ वर्गात आला.

आता झाड. पंतानालमधल्या या मकावची दहातली नऊ घरटी एकाच जातीच्या झाडात असतात: मांदुवी. याचं शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया अपेटाला. आपल्या सह्याद्रीतला पांढऱ्या खोडाचा कांडोळ आणि रस्त्याकडेचा जंगली बदाम, दोघेही याच स्टर्क्युलिया गणातले. कांडोळाची पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी, खाजऱ्या केसांची फळं तुम्ही पाहिली असतील, तर मांदुवीचं फळ तुम्हाला लांबून ओळखू येईल. लाकूड मऊ असल्यामुळे त्यात ढोली होते. पण एक मीटर लांबीच्या पक्ष्याला पुरेल एवढी ढोली व्हायला झाड साधारण साठ वर्षांचं व्हावं लागतं. म्हणजे आज वणव्यात एक जुनी मांदुवी गेली, तर तिची जागा घेणारं झाड आज रुजलं तरी तयार व्हायला दोन पिढ्या जातील. कॅमेरा उचलण्याआधी हा हिशोब डोक्यात पक्का बसू द्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कधी जावं

पंतानाल ही जगातली सगळ्यात मोठी उष्णकटिबंधीय पाणथळ जागा. नोव्हेंबरपासून पाऊस, मग महिनोन्‌महिने पूर. मे ते सप्टेंबर कोरडा काळ. मकावची वीण साधारण जुलैपासून पुढे वर्षअखेरीपर्यंत चालते आणि पिल्लू ढोलीत साडेतीन महिने राहतं.

मी जुलैचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा सुचवेन. रस्ते कोरडे असतात, जोड्या ढोल्यांवर हक्क सांगू लागलेल्या असतात आणि पियुवाची झाडं गुलाबी फुललेली असतात. विक्रोळीला द्रुतगती मार्गावर फुलणाऱ्या गुलाबी टॅबेबुयाची ही भावकीच. त्या गुलाबीत निळा मकाव बसला तर पाहातच राहावं. ऑगस्टच्या शेवटापासून वणव्यांचा धोका वाढतो आणि हवेत धूर राहतो.

दिवस साधारण अकरा तासांचा असतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: तुम्ही विषुववृत्ताच्या पलीकडे असता. जुलैत दुपारचा सूर्य तिथे उत्तरेकडे कलतो. ‘उन्हाची बाजू दक्षिण’ ही आपली हिवाळ्यातली सवय तिथे उलटी पडते. ढोलीचं तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्यावर ऊन कधी येईल, हे ठरवताना मी पहिले दोन दिवस चुकलो. फोनवर होकायंत्र आणि सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप ठेवा.

निघण्यापूर्वी

पीतज्वराची लस सगळ्यात आधी. ब्राझीलहून परत येताना भारतात उतरल्यावर लशीचं पिवळं कार्ड मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, म्हणून महिनाभर आधीच नंबर लावा. व्हिसा लागतो, ब्राझीलचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. साओ पाउलोहून उत्तर पंतानालसाठी कुयाबा आणि दक्षिण पंतानालसाठी काम्पो ग्रांदे, अशी देशांतर्गत विमानं आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला उत्तर सोपं पडतं: पोकोनेपासून पोर्तो जोफ्रेपर्यंत जाणारा ट्रान्सपंतानेरा हा सुमारे १४५ किलोमीटरचा मातीचा रस्ता शंभराहून जास्त पुलांवरून सरळ रानातून जातो. दक्षिणेत मिरांदाच्या बाजूला फझेंडा मोठे आहेत आणि संशोधकांबरोबर जाण्याची सोय आहे. घरट्यांसाठी मी दक्षिणच निवडेन.

सराव मात्र घरीच करा, आणि नेटाने करा. संध्याकाळी वडा-पिंपळावर किंवा पर्जन्यवृक्षावर मुक्कामाला येणारे आपले पोपट यापेक्षा चांगली शाळा नाही. तिथे तीन गोष्टी शिका. ओरडा ऐकून थवा कोणत्या बाजूने येतोय हे ओळखणं. उजळ आकाशापुढे गडद पक्ष्याचं एक्स्पोजर साधणं. आणि एकाच झाडापाशी दहा संध्याकाळी बसून त्या झाडाची सवय करून घेणं. कोकणात असाल तर धनेशाचं झाड शोधा. धनेशालाही जुन्या झाडाची ढोलीच लागते आणि तशी झाडं देवराईबाहेर आता विरळ झाली आहेत. मी ढोलीपासून किती लांब बसायचं हे कोकणात धनेशाकडून शिकलो, ब्राझीलमध्ये नाही.

काय न्यावं

१००-४०० किंवा २००-६०० ची झूम लेन्स पुरते. वाड्याभोवतीचे मकाव माणसांना सरावलेले असतात आणि वीस-पंचवीस फुटांवर बसतात, त्यामुळे जड प्राइम लेन्सचं ओझं मी पुन्हा नेणार नाही. तेवढ्या वजनाऐवजी १६-३५ किंवा २४-७० घ्या. रानाचे फोटो त्यावरच होतात. शक्य असेल तर दोन बॉडी न्या, कारण मातीच्या रस्त्यावर लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ आलीच. बीन बॅग रिकामी न्या आणि तिथे तांदूळ भरा. जीपच्या खिडकीवर ती ट्रायपॉडपेक्षा कामाला येते.

अंगात फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पॅंट मोज्यात खोचा, कारण कोरड्या दिवसांत गवतात बारीक गोचीड फार. एक गरम जॅकेटही टाका. जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वारा घुसला की पारा दहा अंशांपर्यंत उतरतो, आणि अशा ढगाळ, गार सकाळी या पक्ष्याचे सगळ्यात सुंदर फोटो मिळतात. का ते पुढे येतंच.

पक्षी कुठे सापडतो

मकावची दिनचर्या दोन पामांभोवती फिरते: अकुरी आणि बोकायुवा. पंतानालमधला मकाव जवळजवळ या दोन पामांच्या कठीण बियांच्या आतल्या गरावरच जगतो. अकुरीची फळं गुरं खातात, वरचा गर पचवतात आणि कठीण बिया रवंथ करताना किंवा शेणातून बाहेर टाकतात. मकावला ते आयतं सोललेलं खाद्य मिळतं. म्हणून पहाटे गुरं जिथे बसून गेली असतील तिथे शोधा. कोरड्या शेणात साफ झालेल्या बियांचा ढीग दिसला आणि बाजूला सपाट कापलेली कवचं पडलेली असली, तर जागा बरोबर आहे.

अशा जागी उजाडण्यापूर्वी जाऊन बसा. झोपून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून. पक्षी खाली उतरले की डोळ्याच्या पातळीवरचा फोटो मिळतो आणि मागे गुरं, कुंपण, पाम असं त्याचं खरं आयुष्य येतं. गुरं चौकटीत येऊ नयेत म्हणून धडपडणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. तसं करू नका. पंतानालची जवळजवळ ९५ टक्के जमीन खासगी आहे आणि बहुतेक ठिकाणी गुरंच चरतात. गाय हा या पक्ष्याच्या गोष्टीचा भाग आहे, चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थानेही: ती बिया सोलून देते आणि मांदुवीची कोवळी रोपं खाऊनही टाकते.

पक्षी जवळ आणण्यासाठी आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नका. आपल्या हद्दीत परका आला असं वाटून जोडी घरटं सोडून शोधत फिरते. पळत्याच्या पाठी न लागता बसून राहिलात, तर मकाव स्वतः येतो. तो भारी जिज्ञासू पक्षी आहे.

निळा रंग सांभाळणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचे फोटो इथेच बिघडतात.

मकावच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे निळा प्रकाश उसळून परत येतो, आणि तेवढाच आपल्याला दिसतो. याचा सरळ अर्थ असा की येणाऱ्या उजेडातच निळा भाग कमी असेल, तर पक्ष्याकडे परत द्यायला काही उरत नाही. सूर्योदयानंतरचं सोनेरी ऊन, ज्यासाठी आपण सगळे जीव टाकतो, ते लाल-पिवळ्याने भरलेलं असतं. त्यात मकाव काळपट जांभळा दिसतो. माझ्या पहिल्या दोन सकाळचे फोटो असेच गेले. तिसऱ्या दिवशी ढग आले, उजेड मऊ झाला आणि तोच पक्षी आतून पेटल्यासारखा निळा झाला. म्हणून सोनेरी वेळेत रानाचे आणि उडत्या आकृत्यांचे फोटो काढा. पक्ष्याचा जवळचा फोटो ढगाळ उजेडात, किंवा ऊन चढल्यावर मोकळ्या सावलीत काढा.

एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. कॅमेऱ्यावर सोडलं तर पक्षी आकाशापुढे कोळसा होतो, आणि स्पॉट मीटर पिसांवर धरलं तर कॅमेरा सगळं उजळून डोळ्याची पिवळी कडी पांढरी करून टाकतो. माझा नियम सोपा आहे: पिवळ्या कडीवर ठरवायचं. कडी उजळ दिसली पाहिजे पण फुटता कामा नये. एक फ्रेम काढून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यावर दिसणारा उजेडाचा आलेख, रंगांनुसार वेगवेगळा पाहा. पिवळी कडी आधी लाल रेषेत फुटते आणि पिसांची चमक निळ्या रेषेत. नुसता पांढरा हिस्टोग्राम या दोन्ही चुका लपवतो. आकाश मागे असेल तर मीटरपेक्षा दीड ते दोन स्टॉप वर जा आणि आकाश पांढरं झालं तर होऊ द्या.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको. फ्रेममध्ये मोठा निळा पक्षी आला की कॅमेरा ‘फार निळं झालं’ असं समजून रंग पिवळ्याकडे ढकलतो आणि प्रत्येक फ्रेमला वेगळा निळा येतो. ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्कं करा आणि रॉ मध्ये काढा. बसलेल्या पक्ष्याला १/५०० शटर पुरे. फळ फोडताना मात्र १/१००० वर जा, कारण चोच आणि जीभ दिसते त्यापेक्षा फार वेगाने हलते.

उडताना

मकाव जोडीने उडतात, पंखाला पंख लागेल इतके जवळ. एकच पक्षी धारदार आणि दुसरा धूसर, असं होऊ नये म्हणून एफ/८ ठेवा, शटर १/२५०० आणि आयएसओ जाईल तिथे जाऊ द्या. उडण्याच्या क्षणी त्यांची खूण असते: चघळणं थांबतं, अंग पुढे झुकतं आणि दोघांपैकी एक कर्कश ओरडतो. ओरडला की बटण दाबा. पाहून दाबलंत तर उशीर झाला. संध्याकाळी मुक्कामाच्या झाडाकडे जाणारा रस्ता रोज बहुधा तोच असतो. पहिल्या दिवशी नुसता बघा आणि दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर उभे राहा.

ढोलीपाशी

उत्तरेत एका वाटाड्याने माझ्यासमोर मांदुवीच्या खोडावर हाताने थापा मारल्या, पक्षी डोकं बाहेर काढेल म्हणून. पक्षी डोकावला, घाबरून उडाला आणि दोघेही ओरडत वर घिरट्या घालू लागले. मी फोटो न काढता गाडीत बसलो आणि निघू या म्हणालो. परतीच्या वाटेवर तो वाटाड्या गप्प होता, मीही गप्प होतो. पाहुणे फोटोसाठी पैसे देतात आणि पाहुण्यांना डोकं हवं असतं, म्हणून तो थापा मारतो. मागणारे आपणच आहोत. गाडी ठरवतानाच स्पष्ट सांगा: खोड वाजवायचं नाही, रेकॉर्डिंग वाजवायचं नाही, आणि पक्षी दिसला नाही तरी तुझे पैसे कमी होणार नाहीत.

यात धोका काय, ते नीट समजून घ्या. मादी साधारण दोन अंडी घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू मोठं होतं. अंडी उघडी पडली की टोको टूकन हा मोठ्या नारिंगी चोचीचा पक्षी टपलेलाच असतो. पण गंमत अशी की मांदुवीच्या बिया सगळ्यात जास्त हाच टूकन पसरवतो. अंडी खाणारा आणि घरट्याचं झाड लावणारा एकच. त्याला खलनायक करून फोटोखाली ओळी लिहू नका.

ढोली वापरात आहे हे लांबूनच कळतं. तोंडाच्या कडा ताज्या कुरतडलेल्या, फिकट लाकडाच्या दिसतात, आणि झाडाखाली चुऱ्यासारखे तुकडे पडलेले असतात. एवढं दिसलं की तिथेच थांबा. मी निदान पन्नास मीटरवर, गाडीच्या आत बसतो आणि वीस मिनिटांत निघतो. फ्लॅश नाही, ड्रोन नाही. मानेची पिसं फुलली, चघळणं थांबलं किंवा जोडीदार परत येऊन लांबच बसून राहिला, तर वीस मिनिटंही थांबू नका. पिल्लांचे जवळचे फोटो हवेच असतील तर मिरांदाकडे नेइवा गेदेस यांच्या अरारा अझूल संस्थेच्या लोकांबरोबर जा. ते परवानगीने झाडावर चढतात, पिल्लं वजन करण्यासाठी खाली आणतात. ते सांगतील तिथे उभे राहा, आणि पक्ष्याइतकेच त्यांच्या दोरांचे, मोजमापाच्या वहीचे फोटो काढा.

रानाचे फोटो

आता तो मोठा फोटो. पंतानालमधली जुनी झाडं पुराच्या पाण्याच्या थोडं वर असलेल्या उंचवट्यांवर वाढतात. गवताच्या समुद्रात रानाची बेटं दिसतात. मांदुवी या बेटांवरच असते आणि ही बेटं एकूण जमिनीचा फार लहान भाग आहेत. हे प्रमाण दाखवायचं तर जवळ जाऊन चालत नाही. रस्त्याच्या किंवा पुलाच्या उंचीवरून ७० ते १०० मिलिमीटरवर बेट, गवत आणि आकाश एका पट्ट्यात घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात उडणारी जोडी त्यात येईपर्यंत वाट पाहा. पक्षी ठिपक्याएवढा आला तरी चालेल. निळा ठिपका हिरव्या-पिवळ्यात लपत नाही.

मग ढोली सोडलेल्या, रिकाम्या मांदुवीखाली २४ मिलिमीटर घेऊन उभे राहा. मोठ्या पुराचं पाणी या उंचवट्यावरही चढलेलं असेल, तर खोडावर त्याची रेघ दिसते. कुणाला शेजारी उभं केलं की पाणी कुठवर चढतं ते कळतं. फझेंडावरचा एखादा गुराखी तयार असेल तर त्याला विचारून त्यालाच उभं करा. त्या माणसाला त्या झाडाचं वय तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. माझ्या फोटोतल्या गुराख्याने सांगितलं की तो लहान असतानाही ही ढोली होती, आणि एवढं बोलून त्याने तळहात खोडावर ठेवला. तो हात मी फ्रेममध्ये घेतला.

याच झाडाभोवती आणखी काही फोटो शोधा: फुटलेलं चांदणीसारखं फळ, गुरांनी शेंडा खाल्लेलं रोप, कुंपण घालून राखलेलं रोप, बी चोचीत धरलेला टूकन, लाकडी पेटीतलं घरटं. हे फोटो कुणी भिंतीवर लावणार नाही. पण पाच-सहा एकत्र ठेवले की मकाव का कमी झाला आणि कसा वाढला, हे वाचणाऱ्याला शब्दांशिवाय समजतं.

धोका पंतानालच्या बाहेरही आहे. वरच्या पठारावर १९७० च्या दशकापासून रान तोडून शेती वाढली आणि तिथली माती वाहून आली. ताक्वारी नदी गाळाने इतकी भरली की तिने पात्र सोडलं आणि मोठा प्रदेश कायमचा पाण्याखाली गेला. काम्पो ग्रांदेहून गाडीने येत असाल तर पठारावरची शेतं आणि खाली उतरल्यावरची पाणथळ, हे दोन्ही टिपा. एका दिवसाच्या अंतरावरची ही जोडचित्रं फार बोलतात.

जळलेलं रान

२०२० च्या वणव्यांत ब्राझीलच्या पंतानालचा चौथ्या भागाहून जास्त प्रदेश जळाला. संशोधकांच्या अंदाजाने सुमारे १ कोटी ७० लाख पृष्ठवंशी प्राणी थेट मेले. सांव फ्रान्सिस्को दो पेरिगारा या फझेंडावर शेकडो निळे मकाव रात्री मुक्कामाला येतात. त्या फझेंडाचा बहुतेक भाग त्या वर्षी जळाला. २०२४ मध्ये वणवे पुन्हा आले, तेही लवकर, जूनमध्येच.

जळलेल्या भागात जायचं तर आग पूर्ण विझल्यावर आणि स्थानिक माणसाबरोबरच जा. वरून थंड दिसणारी जमीन आत धुमसत असते आणि पाय ठेवला की खचते. मेलेल्या प्राण्यांचे जवळचे फोटो मी एक-दोनच ठेवतो. जास्त सांगणारा फोटो अकुरीचा असतो: खोड काळंठिक्कर, पण शेंड्यातून नवा हिरवा कोंब. पाम बऱ्याचदा सावरतो. शेजारी आतून पोखरलेली जुनी मांदुवी असेल तर तिची ढोली धुराड्यासारखी आतून जळून गेलेली दिसते. दोन्ही एका फ्रेममध्ये आणता आली तर त्याहून वेगळं काही सांगावं लागत नाही. अशा ठिकाणी एक्स्पोजर मीटरपेक्षा एक स्टॉप खाली ठेवा, नाहीतर कॅमेरा राखेचा काळा राखाडी करून टाकतो आणि फोटोतला जाळ निघून जातो.

परतल्यावर

रंगांवर हात आवरा. हा निळा आधीच एसआरजीबीच्या, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपटाच्या, कडेवर किंवा बाहेर असतो. सॅच्युरेशन थोडं वाढवलं की पिसांमधली घडी मिटते आणि सपाट निळा डाग उरतो. रॉ मोठ्या रंगपटात उघडा आणि शेवटी एसआरजीबी करताना निळ्याचा उजळपणा किंचित वाढवा. छापायचा असेल तर छापखान्याच्या प्रोफाइलमध्ये आधी पडद्यावर पाहा, कारण छपाईच्या चार शाईंत हा निळा हमखास जांभळ्याकडे झुकतो. दिवाळी अंकासाठी एकदा माझा मकाव वांग्याच्या रंगाचा छापून आला होता, तेव्हापासून मी नमुना कागद हातात आल्याशिवाय होकार देत नाही.

घरट्याच्या फोटोंमधली जागेची नोंद काढून टाका. फझेंडाचं नाव मालकाला विचारूनच लिहा. चोरटा व्यापार संपलेला नाही आणि ढोलीची नेमकी जागा म्हणजे चोराच्या हातात दिलेली किल्ली.

मथळ्यात ‘निळा पोपट’ एवढंच लिहून थांबू नका. आपल्याकडे शहरांत हातावर मकाव बसवून फोटो काढून घेण्याची हौस वाढली आहे. तुमच्या फोटोखालीही ‘हा कुठे मिळेल?’ असं विचारणारे येतील. त्यांना सांगा: आपले देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. साइट्स यादीतले परदेशी प्राणी-पक्षी २०२२ च्या दुरुस्तीने त्याच कायद्याखाली आले आहेत आणि बाळगणाऱ्याला त्यांची नोंदणी करावी लागते. शक्य असेल तर पक्ष्याच्या फोटोच्या आधी झाडाचा फोटो टाका. मी तसं करून पाहिलं. पहिला प्रश्न आला, ‘या झाडात काय आहे?’ मग पुढचे सगळे फोटो दाखवायला वाट मोकळी झाली.

आणि प्रती परत पाठवा. झाडाचा फोटो, काढल्याची तारीख आणि कुठे उभं राहून काढला त्याची खूण असं सगळं फझेंडाच्या मालकाला आणि तिथे काम करणाऱ्या संशोधकांना द्या. पुढच्या वर्षी कुणीतरी त्याच खुणेवर उभं राहून तीच फ्रेम काढू शकतं. माझ्या मांदुवीचा दुसऱ्या वर्षीचा फोटो मला त्या गुराख्याच्या मुलीने फोनवर काढून पाठवला. कोन थोडा चुकलाय, आकाश पांढरं झालंय, पण ढोलीच्या कडा ताज्या कुरतडलेल्या स्पष्ट दिसतात.